पट्टीवाले आबा आणि ओली गाडी

आबांनी मला पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल, तर शर्ट उलटा घालायला.

जळगावच्या बाहेर हायवेला ट्रकच्या बॉड्यांची एक शेड होती, तिथं मी नवा नवा लागलतो. त्याच्या आधी मी क्लीनर होतो आणि त्याच्याही आधी ड्रायव्हर. लोकांची बढती पुढं होते, माझी रिव्हर्समधे व्हायची. ड्रायव्हर असताना शेठच्या गाडीनं शेठचंच फाटक पाडलं म्हणून क्लीनर झालो. क्लीनर असताना मागं उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत गाडी पेट्रोल पंपाच्या संडासात घातली म्हणून शेडमधे आलो. शाळेचं म्हणाल तर दुसरीतच मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना. दोघंही सुखी झालो.

तर शेडमधे गेलो, एका रंगवलेल्या ट्रकला टेकून उभा राहिलो आणि मागून आवाज आला.

“भो, इले टेकू नको. ती बाळंतीण शे.”

मी दचकून बाजूला झालो. मला वाटलं मागं खरंच कोणी बाई बसलीय. पाहतो तर एक वाळका, उंच म्हातारा. डोक्याला पंचा बांधलेला आणि अंगात शर्ट उलटा, म्हणजे गुंड्या पाठीवर. मला वाटलं, येडा आहे. त्याला माझ्याबद्दल तेच वाटलं. त्यानं माझ्या शर्टाची गुंडी चिमटीत धरली आणि म्हणाला, “हाई काय शे? हाई गुंडी नही, हाई कानस शे. गाडीवर वाकशी आन बठ्ठा कलर खरडी काढशी. उलटा घाल.”

हेच आबा. आमच्या शेडचे पट्टीवाले. जुनी गाडी शेडला आली की आधी डेंटर पत्रा सरळ करायचा, मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, मग पॉलिशपेपर घासायचा, मग कलर. आणि सगळं झाल्यावर आबा. चकचकीत पट्ट्या, दारांची रबरं, काचा, हँडलं, नाकावरचं चिन्ह, जे जे कलरच्या वरून बसतं ते सगळं आबांचं. दुसऱ्या कोणी स्क्रू हातात घेतला तरी त्यांच्या पोटात दुखायचं. मी घेतला तर सगळ्या शेडच्या पोटात दुखायचं.

उलटा शर्ट घालायला मला बायकोची मदत लागायची, कारण पाठीवरच्या गुंड्या आपल्याला लागत नाहीत. ती रोज सकाळी गुंड्या लावायची आणि रोज विचारायची, “तुम्ही नक्की कामालाच जाता ना?”

शेडच्या तोंडाशी आबांनी एक पितळी परात ठेवलती. आत येणाऱ्यानं पट्टा, किल्ल्या, अंगठी, घड्याळ काढून त्यात ठेवायचं. देवळाबाहेर चपला काढतात तसं. गाडीचा मालक असला तरी. एकदा एक खाकीतले साहेब आले, कसलीशी चौकशी होती. आबा परात घेऊन आडवे.

“साहेब, पट्टा काढा.”

साहेब लाल झाले. “कोणाला पट्टा काढायला सांगतोस?”

“तुम्हले नही साहेब, तुमना बक्कलले सांगस. तुम्ही बठ्ठा या, बक्कल भाईर राहू द्या.”

साहेबांनी आमच्या शेठकडं पाहिलं. शेठ वर पत्र्याकडं पाहत होते. शेवटी साहेबांनी पट्टा काढला, आणि मग सगळी चौकशी एका हातानं पँट धरून केली. मी मागं उभा राहून हसलो नाही. हसलो नाही म्हणजे, त्या दिवशी माझाही पट्टा परातीत होता आणि माझाही हात मोकळा नव्हता.

आबा धुळ्याकडचे. घरात बोलायचे तसंच सगळीकडं बोलायचे, पार शेठशी, बँकेच्या माणसाशी, ट्रकशीसुद्धा. ट्रकशी जास्त. माणसाला एखादा शब्द आणि गाडीला भाषण. स्क्रू पिळताना त्यांचं चालू असायचं, “थोडं दुखी माय, थोडं दुखी, व्हई गयं, व्हई गयं.” भोक पाडायच्या आधी ते पत्र्यावर ग्रीसचा गोळा लावायचे. म्हणजे डिरील फिरली की कीस ग्रीसात अडकतो, कलरवर घसरत नाही. पट्टीच्या प्रत्येक स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचा कापलेला वायसर. शहरातल्या सगळ्या सायकलवाल्यांना माहीत होतं, फुटकी ट्यूब फेकायची नाही, आबांना द्यायची. मी विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, लोखंडाला लोखंड चिकटलं की मधे पाणी बसतं, आणि पाणी बसलं की गंज आला. दोघांच्या मधे थोडी मऊ जागा पाहिजे. माझं तेव्हा सासऱ्याशी वाजलेलं होतं. मी म्हटलं, आबा, मला दोन वायसर द्या.

आणि गोधड्या. कलर झाला की आबा घरून गोधड्या आणायचे आणि बॉनेटपासून दारापर्यंत सगळीकडं, कलरला लागणार नाहीत अशा, काठ्यांवर टाकायचे. धूळ नको, ऊन नको, वारं नको. कोणी बाहेरचा आला की गोधडीचा कोपरा उचलून पाहू द्यायचे, तेही लांबून. त्यांची बायको एकदा शेडवर आलती. मला म्हणाली, “गाडी गोधडीत नि आम्ही गोणपाटात. विचारा तुमच्या आबाले, मी बाळंत झाले तव्हा कधी एवढं केलं का?” आबा तेव्हा गाडीच्या पलीकडं होते. ऐकू आलं असणार, कारण पलीकडून बराच वेळ ठोकल्याचा आवाज येत होता आणि ठोकण्यासारखं तिथं काही नव्हतं.

साध्या गाडीला ते कलर सुकला की पट्ट्या मारायचे. पण जुनी, गंजलेली, पत्रा कापून नवीन जोडलेली गाडी असली, की म्हणायचे, सव्वा महिना. बाळंतिणीसारखाच. वरून सुकलेलं दिसतं पण आत लांबी ओली असते, त्यावर पट्टी आवळली की पट्टी कलरमधे रुतते, आणि मग पहिल्याच पावसात कडेनं पोपडे निघतात. त्यांचं खरं होतं. त्यांनी पट्टी मारलेल्या गाड्या वर्षानुवर्षं हायवेला दिसायच्या, कलर तसाच. पण मालकाला सव्वा महिना थांबवणार कसं? तर आबा दारांची हँडलं काढून घरी न्यायचे. उशीखाली ठेवून झोपायचे. घेऊन जा गाडी, दार उघडून दाखवा.

काच बसवायचं त्यांचं एक काम मला फार आवडायचं. काचेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी भरायची, साबणाचं पाणी लावायचं. मग आबा बाहेरून काच दाबणार आणि आतला माणूस हळूहळू सुतळी ओढणार. सुतळी निघते तसं रबर पत्र्यावर चढत जातं आणि काच जागेवर बसते, पत्र्याला कुठं ओरखडा नाही. एकदा आतला माणूस मी होतो. आबा म्हणाले, हळू. मी हळूच ओढत होतो, पण मला शिंक आली. सुतळी एकदम हातात आली आणि तिच्यामागून काचही आली, अख्खी, माझ्या मांडीवर. फुटली नाही. आबांनी बाहेरून डोकं आत घातलं, कडेचा कलर बोटानं चाचपला, म्हणाले, “बरं शे.” मग माझ्याकडं पाहिलं. “तू?” मी म्हटलं, मी पण बरा आहे. म्हणाले, “तुनं मी विचारं नही, पन बरं व्हयनं.”

आता ती निळी गाडी सांगतो.

जामनेरकडचा एक ड्रायव्हर होता. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या, केळीच्या, कापसाच्या. मग कुठून तरी एक जुनी, बॉनेट पुढं आलेली नाकवाली गाडी उचलली. काय अवस्था सांगू! दारातून हात घातला तर खालून निघायचा. बॉनेटमधे चिमणीनं घर केलतं. भाऊनं ती ओढत शेडला आणली, आमच्यासमोर उभी केली आणि म्हणाला, “मले ही जयंतीले पाहिजे.”

ते वर्ष शंभराव्या जयंतीचं. निळे झेंडे सगळीकडं आधीच लागलते. भाऊच्या गावात दरवर्षी मिरवणूक निघायची आणि तसबीर ठेवायला दरवर्षी ट्रक ठरवावा लागायचा. बौद्धवाड्यात कोणाचा ट्रक नव्हता. ज्याचा ठरवायचे तो आदल्या दिवसापर्यंत हो हो म्हणायचा आणि सकाळी त्याची गाडी पंक्चर व्हायची. एक वर्ष पंक्चर, एक वर्ष बॅटरी, एक वर्ष म्हणे ड्रायव्हरचं पोट. मग तसबीर बैलगाडीत. भाऊ हसत सांगायचा हे, “काय योग पाहा आबा, गावातल्या बठ्ठ्या गाड्या एकाच दिवशी आजारी.” पण हसताना तो कोणाकडं पाहत नव्हता. यंदा गाडी आपली, निळी, आणि त्याची आई पुढं क्याबिनमधे बसणार, एवढंच त्याचं म्हणणं होतं. एकशे एकाव्या वर्षाचा तो विचारच करत नव्हता.

आबा ऐकत मान हलवत गेले. डेंटरनं पत्रा जोडायलाच खूप वेळ घेतला. कलर झाला तेव्हा एप्रिल लागलता. काय निळा, वा! आभाळ उतरून आलंय असं वाटायचं. आबांनी गोधड्या टाकल्या, हँडलं काढली आणि भाऊला म्हणाले, सव्वा महिना.

भाऊला वाटलं चेष्टा करतात. “आबा, जयंती दहा-बारा दिवसांवर आली.”

“मंग पट्ट्या जयंतीनंतर.”

“तशीच द्या मंग. पट्ट्या नको.”

आबांना हे सहन व्हायचं नाही. पट्ट्या नाहीत, चिन्ह नाही, दाराला कड नाही, अशी गाडी त्यांच्या हातून रस्त्यावर कधी गेली नव्हती. “नागडी गाडी धाडू? मिरवणुकीमां? लोके काय म्हनतीन?”

“लोकं काही म्हननार नाही आबा. गाडी आली हेच पाहतीन.”

आबा ऐकेनात. गाडी सव्वा महिन्याच्या आत हलली तर कलर खराब होईल आणि पट्ट्यांशिवाय गेली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे दोन्हीकडून अडकले होते. भाऊ रोज यायचा, परातीत किल्ल्या ठेवायचा, गोधडीचा कोपरा उचलून पाहायचा आणि जायचा.

आणि यात मी पडलो.

आबांना लग्नाला गावी जायचं होतं. मला गाडीपाशी बसवलं. म्हणाले, काही करू नको. नीट ऐका, ‘हे कर’ म्हणाले नाहीत, ‘काही करू नको’ म्हणाले. एवढं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

दुपारी असं तापलं की विचारू नका. पत्र्याची शेड, खाली भट्टी. मी गोधडी बाजूला करून बॉनेटच्या जवळ तोंड नेलं तर वाफ. मला वाटलं, बाळंतिणीला ताप चढला. आमच्या चोपड्याकडं कोणी भाजलं तर त्याला केळीच्या पानावर निजवतात, थंड असतं. शेडच्या मागं केळीचा मळा होता. गेलो, ताजी, रुंद, हिरवीगार पानं कापली आणि बॉनेटवर हळूच मांडली. एकाशेजारी एक. सत्यनारायणाला लावावीत अशी. वर थोडं पाणीही मारलं. मग स्वतःवर इतका खूष झालो की झोपलो.

जळगावात अंगठ्याएवढ्या पोराला ठाऊक असतं की केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. केळीत काम करणाऱ्याचा शर्ट दाखवा, काळ्या डागांचा नकाशा असतो. माझ्या अंगातला शर्टच तसला होता. मी त्याच शर्टावर हात बांधून झोपलतो.

आबा परत आले आणि त्यांनी पानं उचलली. मी उठून पाहिलं. देठांतून चीक गळून बॉनेटभर तपकिरी ओघळ गेलते. आणि ओल्या कलरमधे पानांच्या शिरा उमटल्या होत्या, एकूण एक. खरं सांगतो, दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी म्हटलं असतं, काय डिझाइन आहे.

आबांचा एक नियम होता. ज्याच्या हातून कलरला लागलं त्यानं गाडीसमोर उभं राहून कान धरायचे आणि माफी मागायची. मी कान धरले. आबा माझ्याशी नाही, गाडीशी बोलले. “माय, हाऊ मानूस वाईट नही. याना डोकामां केळी शे.”

मग त्यांनी पेपर घेतला आणि बॉनेट घासायला बसले. मी पण बसलो. कलरवाल्यानं परत हात मारला. जयंती परवावर आलती. आता ओली गाडी आणखी ओली झाली. भाऊला हे कळलं तेव्हा तो खाली बसला. माझ्याकडं पाहून म्हणाला, “दादा, तुम्ही आमच्या गावात गाडी भाड्यानं देता का? पंक्चरवाल्यांपेक्षा तुम्ही भारी.” त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई एसटीनं आली. बुटकी, काळी, पांढरं लुगडं, हातात पिशवी. शेडच्या तोंडाशी परात पाहिली आणि मला विचारलं, “हे काय, वर्गणी?” मी सांगितलं, दागिने काढायचे. ती म्हणाली, “मह्याजवळ काहीच नाही रे बाबा,” आणि सरळ आत आली.

आबा गोधडीपाशी उभे. “अक्का, लांबून देखा. ओली शे. सव्वा महिना नही व्हयना.”

अक्कानं गाडीकडं पाहिलं, गोधड्यांकडं पाहिलं. “बाळंतीण आहे म्हंता ना तुम्ही? पोऱ्यानं सांगितलं मले.”

“हां.”

“आबा, सव्वा महिना कोनाचा असते?” ती तिथंच टायरावर बसली. “ज्याच्या घरी बसून खायले असते त्याचा. हा भाऊ झाला तव्हा मी कापसाच्या वावरात होते. वटीत कापूस नि पोटात कळा. आठ दिवस नाही झाले तर मी परत वावरात. याले झाडाले झोळी बांधून. काऊन, माह्यावाले पोपडे निघाले का?”

मला हसू आलं, पण आबांचं तोंड पाहून दाबलं.

“तसं नही अक्का,” आबा म्हणाले. “गाडी शे ती.”

“गाडीच म्हंते मी. आमच्या घरची गाडी आहे. आमच्या घरी आली तर आमच्यावानी राहीन. कामाले निंघन आठ दिवसात. लुगडं नसलं तं नसलं.”

आबांनी गोधडीचा कोपरा सारखा केला. मग पाठीवरची एक गुंडी सुटलती ती चाचपत बसले, लागेना. मी मागं जाऊन लावून दिली. ते तसेच सायकलवर बसून घरी गेले. आम्हाला वाटलं, रागावले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा त्यांच्या पंच्यात दारांची हँडलं होती.

“मी संगे येसू,” भाऊला म्हणाले. “कोनी हात लावाले नको.”

आणि आले की. जयंतीच्या दिवशी नागडी, बिनपट्टीची, निळी गाडी गावात शिरली. वर हौद्यात तसबीर आणि हार, पुढं निळे झेंडे, हलगी. क्याबिनमधे अक्का, भाऊ स्टिअरिंगवर. फुटबोर्डवर आबा, शर्ट उलटा, एका हातानं दार धरलेलं आणि दुसऱ्या हातानं लोकांना लांब करत. “भो, हात नको. माय, ओली शे. ए पोऱ्या, झेंडा तिकडं!” दुसऱ्या बाजूच्या फुटबोर्डवर मी. मला पण हेच काम होतं, पण मला नाचायला बोलावलं म्हणून मी उतरलो. मला वाटतं त्यात गाडीचा फायदाच झाला.

कोण ऐकतो? शंभरावी जयंती, आणि आपली गाडी. निळा गुलाल उधळला तो सगळा कलरवर बसला, निळ्यावर निळा. आबांचा आवाज बसला. वेशीपाशी जे लोक दरवर्षी पंक्चर व्हायचे तेही उभे होते. त्यातला एक ओरडला, “काय हो आबा, पट्ट्या विसरले काय?” मला वाटलं आता आबा मरतात. आबा म्हणाले, “गाडी घाईमां व्हती. तुमनीगत पंक्चर नही व्हयनी.” आख्खी मिरवणूक हसली. भाऊनं हॉर्न दाबला तो सोडेचना.

विहारापाशी गाडी थांबली. भाषणं सुरू झाली. ऊन असं की डांबर चिकटत होतं. अक्का क्याबिनमधून उतरली. गाडीच्या बाजूला आली आणि तिनं बॉनेटवर हात ठेवला. बैलाच्या मानेवर ठेवतात तसा, पूर्ण पंजा, थोडा भार देऊन. आणि तशीच उभी राहिली, तसबिरीकडं पाहत.

मी पाहिलं आणि बोंबललो, “आबा, हा—”

पुढचं निघालं नाही, कारण आबांनी माझ्या तोंडावर हात दाबला. ग्रीसचा वास असलेला हात. भाषण संपेपर्यंत काढला नाही. मला श्वास नाकानं घ्यावा लागला आणि नाकात गुलाल होता.

अक्कानं हात उचलला तेव्हा तिच्या तळव्याला निळं लागलं होतं आणि बॉनेटवर पंजा उमटला होता. पाच बोटं, मधली रेघ, सगळं. तिनं पाहिलं आणि घाबरली. “अगं माय, हे काय झालं आबा!”

“काही नही अक्का,” आबा म्हणाले. बसलेल्या आवाजात. “कलर चांगला शे म्हनीसन उठना.”

सव्वा महिन्यानं भाऊ गाडी घेऊन पट्ट्या मारायला आला. बॉनेटचा गुलाल धुऊन गेलता, पंजा तसाच. कडक वाळलेला. भाऊ म्हणाला, “आबा, हे घासून घ्या. माय रोज म्हंते, लाज वाटते, सगळा गाव माहा हात पाह्यते.” आबा हं म्हणाले आणि माप घ्यायला लागले. बॉनेटच्या बाजूची लांब पट्टी नाकापासून काचेपर्यंत सरळ जाते. त्या गाडीचं सगळं रूप म्हणजे तीच एक रेघ. आबांनी सुतळी धरली. सुतळी बरोबर पंजावरून गेली.

त्यांनी सुतळी सोडली. परत धरली. मग पट्टी उचलली आणि आरीनं मधेच कापली. पंजाच्या अलीकडं एक तुकडा संपवला, पलीकडून दुसरा सुरू केला. टोकं घासून गोल केली, वायसर टाकले, स्क्रू पिळले. आयुष्यात पट्टीला जोड न दिलेला माणूस. मी बघत होतो.

“आबा,” मी म्हटलं, “तिथं मोकळं दिसतं.”

“तठे जागा भरेल शे.”

“पण आबा, हायवेला शंभर लोक पाहतील. म्हणतील, पट्टी कमी पडली. म्हणतील, आबांचं माप चुकलं.”

आबांनी स्क्रू ड्रायव्हर पंच्याला पुसला, माझ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले.

“म्हनू दे. मी तुनं नाव सांगसू. बठ्ठासले पटी जाई.”

आणि पटलं. ती गाडी पुढं वर्षानुवर्षं खानदेशभर फिरली. धुळ्याच्या ढाब्यावर, मुक्ताईनगरच्या चहाच्या टपरीवर, कुठंही ती उभी असली की कोणीतरी ड्रायव्हर बोट दाखवायचा आणि म्हणायचा, ही पाहा, त्या अमक्यानं कापलेली पट्टी, साल्याला धड माप घेता येत नाही. कधीकधी मी शेजारीच चहा पीत असायचो. मी म्हणायचो, हो ना, काय माणूस असतो एकेक.